एकतारी, टेप आणि नाममुद्रा

ज्या समाजाला शतकानुशतके लिहू दिले गेले नाही, त्या समाजाचा इतिहास कोठे शोधायचा? हा प्रश्न आपल्या चळवळीत वारंवार विचारला गेला आहे आणि त्याचे एक उत्तर आपण अभिमानाने देत आलो आहोत : तो आमच्या गाण्यांत शोधा. उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. गाण्यात इतिहास आहे एवढे म्हटल्याने आपली जबाबदारी संपत नाही. ते गाणे कोणी रचले, कोणी गायले, कोणत्या गावी आणि कोणत्या साली, त्याची नोंद कोणी केली आणि त्या नोंदीवर आज ताबा कोणाचा, हे प्रश्न विचारल्याशिवाय गाणे हे इतिहासाचे साधन होत नाही. ते नुसतेच एक सुंदर, निनावी स्मरण राहते. आणि निनावी राहणे ही आमच्या वाट्याला आलेली जुनीच शिक्षा आहे.

आज या प्रश्नांना नवी धार आली आहे. एकटा माणूस, त्याच्या हातात एखादे तंतुवाद्य, घराची ओसरी किंवा पत्र्याची खोली आणि समोर विटेला टेकवून ठेवलेला मोबाईल, एवढ्या सामग्रीवर आज गाणे ध्वनिमुद्रित होते आणि तासाभरात ते परभणीपासून लंडनपर्यंत ऐकले जाते. स्टुडिओ नाही, कंपनी नाही, परीक्षक नाही. जगाच्या पाठीवर सर्वत्र हे घडते आहे. युरोप-अमेरिकेत अशा एकट्या गायकाच्या हाती बहुधा गिटार असते. आमच्या मराठवाड्यात ती एकतारी असते. सहा तारा आणि एक तार यांत संगीताच्या दृष्टीने अंतर आहे, पण सामाजिक दृष्टीने या दोन्हींची कथा ज्या ठिकाणी एकमेकींस भेटते, ते ठिकाण मला महत्त्वाचे वाटते. मी सिल्लोड तालुक्यात शिकवतो. मका आणि मिरचीच्या या बाजारपेठेत बसून मी जे पाहतो, ऐकतो आणि जमवतो, त्याच्या आधारे या इतिहासाची एक रेषा येथे आखण्याचा माझा विचार आहे.

१

सिल्लोडवरून जळगावकडे जाणारा रस्ता अजिंठ्याला जातो. अजिंठा गाव आमच्याच तालुक्यात आहे. लेणी मात्र शेजारच्या सोयगाव तालुक्यात. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तेथे पोचला आणि दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातील एका खांबावर त्याने आपले नाव व तारीख कोरली. ते नाव आजही तेथे आहे. ज्यांनी त्या भिंती रंगवल्या, त्या चित्रकारांची नावे मात्र आपल्याला माहीत नाहीत. दान देणाऱ्यांचे काही लेख आहेत. राबणाऱ्या हातांची ओळख नाही. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात नर्तिकेभोवती वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रियांचा एक सुंदर मेळा आहे. बासरी आहे, ताल देणारी वाद्ये आहेत. पण त्या कोण होत्या, काय गात होत्या, हे कोण सांगणार?

पुढची गोष्ट याहून बोधप्रद आहे. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल याने या चित्रांच्या प्रतिकृती करण्यात आयुष्याची वर्षे घातली. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या आणि १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळून गेल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांतीलही कित्येक १८८५ च्या आगीत लंडनमध्येच नष्ट झाल्या. माझ्या मते यातून दोन धडे निघतात. ज्याच्या हाती छिन्नी, त्याचे नाव उरते, हा पहिला. आणि आपली प्रतिकृती दुसऱ्याच्या कोठारात एकाच ठिकाणी ठेवली तर त्या कोठाराला आग लागल्यावर आपल्या हाती राख येते, हा दुसरा. हे दोन्ही धडे गाण्यालाही लागू आहेत.

२

आमच्या गाण्याचा आधुनिक इतिहास जलशापासून सुरू होतो. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुढे त्या विचारातून सत्यशोधक जलसे उभे राहिले. तमाशाचा घाट घ्यायचा, त्यातील शृंगार बाजूला सारायचा आणि त्या रिकाम्या जागी प्रबोधन भरायचे, ही ती रीत. आंबेडकरी जलशांनी ती पुढे नेली. नाशिकचे भीमराव कर्डक हे त्यातील अग्रणी. त्यांनी नंतर १९७८ मध्ये आंबेडकरी जलशांचे स्वरूप व कार्य ग्रंथरूपाने नोंदवून ठेवले, म्हणून आज त्या फडांची, त्या माणसांची थोडीतरी माहिती आपल्याला आहे. कलावंताने स्वतःच आपल्या चळवळीची नोंद करण्याचे हे उदाहरण आपण विसरता कामा नये.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातील मक्रणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांनी भरवलेल्या परिषदेला बाबासाहेब आले. कन्नड हा आमचा शेजारचा तालुका. त्या परिषदेची आठवण सांगणारी माणसे आता उरली नाहीत. उरली आहेत ती त्या आठवणीवर रचलेली गाणी. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली, १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झाले आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. या प्रत्येक घटनेची दोन दफ्तरे आहेत. एक सरकारी, जे कागदावर आहे. दुसरे आमचे, जे गळ्यात आहे.

पण धम्मदीक्षेने संगीताच्या बाबतीत एक पेच उभा केला. गावगाड्यात वाजवणे हे अस्पृश्यांच्या माथी मारलेले काम होते. वरातीपुढे, देवाच्या पालखीपुढे, मेलेल्या माणसापुढे वाजवायचे आणि त्या बदल्यात शिळे अन्न घ्यायचे. बाबासाहेबांच्या हाकेनंतर आमच्या माणसांनी ते नाकारले. वाद्य खाली ठेवणे हाच तेव्हा विद्रोह होता. यात एक विसंगतीही होती, आणि ती आमची नव्हती, व्यवस्थेची होती : चामडे कमावणारा अस्पृश्य, ते चामडे ताणून वाद्य करणारा अस्पृश्य, आणि तेच वाद्य मैफलीत आले की पवित्र. दक्षिणेतील मृदंग घडवणाऱ्या दलित ख्रिस्ती कारागिरांवर गायक टी. एम. कृष्णा यांनी २०२० मध्ये एक ग्रंथ लिहिला, त्यातही हेच दिसते. आमच्या तुणतुण्याच्या तळाशी चामडे असते, त्यातूनच तार निघते आणि खुंटीला जाते. म्हणजे तुणतुण्याचा प्रत्येक स्वर चामड्यातून जन्म घेतो. ज्याला विटाळ म्हटले, तेथूनच नाद येतो.

३

यंत्राचा प्रवेश झाल्यावर काय झाले? भारतातील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रिका कलकत्त्यात १९०२ मध्ये झाली. गौहर जान यांचा आवाज तबकडीवर उमटला. तबकडी हे भांडवलाचे काम होते. कोणता आवाज विकला जाईल हे कंपनी ठरवी. रेडिओ आला तो सरकारचा. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. कारण असे दिले की हे परदेशी वाद्य आहे आणि त्यात भारतीय संगीताच्या श्रुती निघत नाहीत. ही बंदी १९७१ मध्ये अंशतः उठली. तीस वर्षांवर काळ गेला! जलशातली पेटी म्हणजे हीच हार्मोनियम. १९५२ नंतर गायकांची स्वरचाचणी आणि श्रेणी यांची पद्धत दृढ झाली. कोणाचा आवाज योग्य, हे ठरवणारे मंडळ होते. त्या मंडळापुढे चौकातला, वस्तीतला, घसा फोडून गाणारा माणूस काय म्हणून उभा राहणार होता? दार बंद आहे असे कोणी म्हटले नाही. दाराची उंची तेवढी ठरवली गेली.

हे दार मोडले ते कॅसेटने. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये काढलेली ही हाताच्या तळव्यावर मावणारी डबी भारतात १९७० च्या दशकाअखेरीस पसरू लागली आणि १९८० च्या दशकात तिचा पूर आला. तबकडी काढायला कारखाना लागत असे, कॅसेट भरायला एक टेपरेकॉर्डर पुरत असे. नागपूरच्या दीक्षाभूमीवर, दादरच्या चैत्यभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटची दुकाने लागू लागली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज असे घरोघर गेले. ज्या घरात वाचणारे एकही माणूस नव्हते, त्या घरात कॅसेट होती. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, त्यानंतर आमच्या वस्त्या जळाल्या, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. या साडेपंधरा वर्षांच्या लढ्यातली गाणी कागदावर थोडी आणि फितीवर अधिक आहेत.

मी अशा कॅसेटी जमवतो. त्यांत दुकानातल्या कमी आणि घरी भरलेल्या जास्त असतात. घरी भरलेल्या कॅसेटवर गाण्याआधी कोणीतरी घसा खाकरतो, मागे भांडे पडते, मूल रडते, मध्येच एक बाई म्हणते, थांबा, दार लोटू द्या. मला हे आवाज गाण्याइतकेच मोलाचे वाटतात, कारण त्यांत घर आहे. पण या कॅसेटींचे एक दुर्दैव आहे. कॅसेटच्या काठाला प्लास्टिकच्या दोन बारीक टिकल्या असत. त्या मोडल्या की वर दुसरे काही भरता येत नसे. गरीब घरात मोडलेल्या टिकलीच्या जागी कागद चिकटवून त्याच कॅसेटवर पुन्हा भरले जाई. नवी कॅसेट घ्यायला पैसे कोठे होते? नव्या सिनेमाची गाणी भरताना आजोबांचा जलसा पुसला गेला, असे कित्येक घरांत झाले असणार. शिवाय फितीला बुरशी लागते, ती चिकटते, तिचे चुंबकत्व उतरते. आमच्या हातातला हा इतिहास वर्षागणिक आवाज गमावतो आहे.

४

आता मोबाईलचा काळ. यूट्यूब २००५ मध्ये आले, व्हॉट्सअॅप २००९ मध्ये. परंतु खेड्यातल्या वस्तीला ते खऱ्या अर्थाने मिळाले ते सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर, डेटा स्वस्त झाला तेव्हा. त्यानंतरच्या वर्षांत आमच्या जिल्ह्याने एक आवाज महाराष्ट्राला दिला : औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कडूबाई खरात.

कडूबाईंची कथा आता पुष्कळांना ठाऊक आहे. वडील एकतारीवर भजने गात. ती एकतारी लेकीच्या हाती आली. नवरा गेला, मुले वाढवायची होती. गावोगाव, दारोदार गाऊन त्यांनी संसार ओढला. गाणी बाबासाहेबांची. हातात एकतारी, डोक्यावर पदर, मागे साथीदार नाहीत. कोणीतरी मोबाईलवर ते गाणे टिपले, ते या फोनवरून त्या फोनवर गेले आणि ज्या बाईला कोणत्याही परीक्षक मंडळाने कधी बोलावले नव्हते, तिचा आवाज लाखोंनी ऐकला. आमच्या ताटातली भाकर कोणाच्या पुण्याईने आली, हे ती ज्या निर्भयपणे सांगते, तेवढ्या निर्भयपणे सांगणारे लेखन आमच्या साहित्यात फार नाही.

येथे इतिहासाच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली, जलशाचा फड हा मुख्यत्वे पुरुषांचा होता. आणि तमाशात आमची बाई उभी होती ती वेगळ्या प्रकारे. हिवरगावची पवळा ही महार समाजातली थोर कलावंत. तिच्या पायांवर आणि गळ्यावर पठ्ठे बापूरावांचा फड उभा राहिला, पण शब्द बापूरावांचे, नावही बापूरावांचे. त्या पार्श्वभूमीवर एक बाई एकटीच, नृत्याशिवाय, शृंगाराशिवाय, आपल्या विचाराचे गाणे म्हणते आणि लोक तिचे नाव घेऊन ते ऐकतात, हा आमच्या सांस्कृतिक इतिहासातला एक पल्ला आहे. दुसरी गोष्ट वाद्याची. एकतारी हे भक्तीचे, भिक्षेचे वाद्य मानले गेले. भोपळा, बांबूची दांडी, एक तार. एका बोटाने ती छेडायची, तिचा एकच आधारस्वर गाण्याखाली वाहत राहतो. धम्मदीक्षेनंतर जे वाद्य खाली ठेवायला हवे होते असे कोणी म्हणेल, तेच वाद्य येथे स्वाभिमानाच्या कामी आले. वाद्याला जात नसते; ते कोणाच्या हुकमाने वाजते, यावर त्याची जात ठरते.

मात्र या नव्या काळाची स्तुती करताना हे विसरू नये की खिशातले गाणेही आमच्यासाठी निर्धोक नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत आमच्या एका तरुणाचा खून झाला. त्याच्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, हे त्याचे कारण असल्याचे वृत्तपत्रांनी तेव्हा नोंदवले. एका गाण्याची किंमत काही ठिकाणी अजून इतकी आहे. म्हणून घरात गाणे टिपून ते जगापुढे ठेवणारी आमची बाई किंवा आमचा मुलगा हा केवळ छंद करतो असे कोणी म्हणू नये.

५

आता गिटारीकडे वळतो. दलित पँथरने १९७२ मध्ये आपले नाव घेताना अमेरिकेतील काळ्या बांधवांकडे पाहिले होते. त्यांच्या वाङ्मयाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली, त्यांच्या संगीताची तेवढी झाली नाही. एलिझाबेथ कॉटन या काळ्या स्त्रीची हकीकत आमच्या विषयाला इतकी जवळची आहे की ती सांगणे प्राप्त आहे.

१८९० च्या दशकात नॉर्थ कॅरोलायना राज्यात तिचा जन्म झाला. लहानपणीच ती गोऱ्यांच्या घरी कामाला लागली आणि त्या मजुरीतून तिने गिटार विकत घेतली. ती डावखुरी होती. गिटार उलटी धरून ती स्वतःच शिकली, आणि त्या उलट्या हातातून वादनाची एक स्वतंत्र रीत निर्माण झाली. मुलगी असतानाच तिने मालगाडीवर एक गाणे रचले. पुढे लग्न, मूल, चर्चचा दबाव यांत गिटार कित्येक दशके सुटली. उतारवयाकडे झुकताना ती सीगर या संगीतज्ञ कुटुंबाच्या घरी मोलकरीण होती. भिंतीवरची गिटार तिने हाती घेतली, तेव्हा घरच्यांना कळले की आपल्या स्वयंपाकघरात कोण आहे. त्या घरातल्या माइक सीगरने साध्या टेपरेकॉर्डरवर, घरातच, तिचे गाणे टिपले आणि १९५८ मध्ये त्याची तबकडी निघाली. ती जगातल्या घरगुती ध्वनिमुद्रणांतली एक अजोड चीज मानली जाते.

परंतु त्याआधीच तिचे गाणे समुद्रापलीकडे गेले होते. इंग्लंडमध्ये ते दुसऱ्यांनी गायले, दुसऱ्यांच्या नावाने त्याची नोंद झाली आणि १९५७ मध्ये ते तेथे लोकप्रिय ठरले. मोलकरणीचे गाणे, त्याला मालक नसतोच, असे जणू गृहीत होते. पुढे झगडून तिचे नाव त्या गाण्याला परत मिळाले. १९८५ मध्ये तिला ग्रॅमी हा अमेरिकेतील मोठा सन्मान लाभला आणि १९८७ मध्ये ती वारली. तिला नाव परत मिळाले याचे कारण काय? कोणीतरी, वेळेत, तिच्या तोंडून, तिच्या नावासह ते गाणे नोंदवून ठेवले होते. नाव लिहिलेली टेप होती, म्हणून दावा करता आला. ज्यांची टेप नव्हती, अशा किती कॉटन हरवल्या असतील?

६

आमच्या पूर्वजांना हा धोका ठाऊक होता. म्हणून त्यांनी एक युक्ती केली होती. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवी आपले नाव गुंफतो. चोखोबांनी ते केले, तुकोबांनी ते केले. कागद नसलेल्या माणसाची ती सही होती. गाणे कोणीही म्हणो, शेवटचा चरण म्हणताना कवीचे नाव त्याच्या तोंडून निघणारच. याला नाममुद्रा म्हणतात. वामनदादा कर्डकांनी हीच मुद्रा आंबेडकरी गीतात चालवली. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेल्या आणि १५ मे २००४ रोजी निधन पावलेल्या या महाकवीने गावोगाव हिंडून हजारो गीते पेरली आणि शेवटच्या कडव्यात वामन म्हणून आपली खूण ठेवली. हा आमचा कॉपीराइट कायदा होता, आणि तो कायद्याहून जुना होता.

मोबाईलने नेमका यावरच घाव घातला आहे, आणि तो घाव कोणाच्या द्वेषातून आलेला नाही, म्हणून अधिक धोक्याचा आहे. आज गाणे अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात फिरते. त्या तुकड्यात धृपद असते, पहिले कडवे असते. शेवटचे कडवे नसते. म्हणजे नाममुद्रा कापली जाते! गाणारा दिसतो, कवी नाहीसा होतो. मी माझ्या वर्गातल्या मुलांना त्यांच्या फोनमधली बाबासाहेबांची गाणी आणि त्यांच्या कवींची नावे लिहून आणायला सांगितली. गाणी भरपूर आली. गायकांची नावे बरीच आली. कवीच्या रकान्यात बहुतेकांनी रेघ ओढली होती; काहींनी लिहिले होते, पारंपरिक. ज्या कवीला वारून अजून पाव शतकही झालेले नाही, तो आमच्याच मुलांच्या वहीत पारंपरिक झाला.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार गीताचा हक्क कवीच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे राहतो. वामनदादांच्या गीतांवरचा हक्क म्हणजे २०६४ सालाअखेरपर्यंत जिवंत आहे. त्याच कायद्याचे कलम ५७ सांगते की हक्क विकला तरी आपण कर्ते आहोत हे म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क हा गीताच्या हक्काहून वेगळा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनाचा वाटा अधिक बळकट केला. पण ज्याने गाणे टिपले आणि आपल्या चॅनेलवर चढवले, त्याच्या हिशेबी जाहिरातीचे पैसे जमा होतात. जिने गायले आणि ज्याने रचले, त्यांच्यापर्यंत ते पोचतातच असे नाही. हक्क कागदावर असणे आणि तो मागण्याची ताकद असणे, यांतले अंतर आम्हाला नवे नाही.

आणखी एक आक्षेप मी येथेच घेऊन टाकतो. कोणी म्हणेल, गाणे चळवळीचे आहे, त्याला मालकी कशाला? बाबासाहेबांच्या गाण्यावर कोण हक्क सांगणार? हा युक्तिवाद उदात्त वाटतो, पण तो नेहमी गरीब कवीलाच ऐकवला जातो. मंडप घालणाऱ्याला, ध्वनिक्षेपक लावणाऱ्याला, भोजनवाल्याला आपण पैसे देतो. शाहिराला मात्र निष्ठा विचारतो. गाणे सर्वांनी गावे, मोकळेपणाने गावे, याबद्दल वाद नाही. पण नाव घेऊन गावे आणि त्यातून पैसा झाला तर त्यात रचणाऱ्याचा, गाणाऱ्याचा वाटा असावा. नाहीतर गावगाड्याची बलुतेदारी आपण आपल्याच हाताने पुन्हा उभी करतो. फक्त शिळ्या भाकरीच्या जागी टाळ्या देतो.

७

मग करायचे काय? याचा नमुना आपल्यासमोर आहे, आणि तो मराठवाड्यातून गेलेला आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाहून अधिक ओव्या त्यांतून नोंदल्या गेल्या. १९९६ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात आमच्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यात ध्वनिमुद्रित झाल्या. त्या संग्रहाचे मोल संख्येत नाही. प्रत्येक ओवीपुढे गाणाऱ्या बाईचे नाव आहे, गाव आहे. जिला कोणत्याही दफ्तरात स्वतःचे नाव नव्हते, तिची ओवी आज तिच्या नावावर आहे.

हे काम कोणत्याही विद्यापीठाची वाट न पाहता एका तालुक्यात करता येते. एक नोंदवही घ्यावी. गाणे, कवी, चाल कोणाची, गाणारा, वाद्य, गाव, तारीख, टिपणाऱ्याचे नाव, असे आठ रकाने पाडावेत. गाणाऱ्याची संमती आधी विचारावी. गाणे पूर्ण टिपावे. शेवटचे कडवे नाममुद्रेसकट आल्याशिवाय फोन बंद करू नये. गाणे सुरू होण्यापूर्वी गाणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने आपले नाव, गाव आणि कवीचे नाव सांगावे, म्हणजे पुढे कोणी लेखी नाव काढून टाकले तरी आवाजातले नाव उरेल. मूळ ध्वनिमुद्रण निदान दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावे. गिलच्या चित्रांचे काय झाले ते आपण पाहिले. चॅनेल काढायचे तर ते गाणाऱ्याच्या किंवा तिच्या मुलाबाळांच्या नावाने काढून द्यावे. आणि घरोघरी माळ्यावर पडलेल्या कॅसेटी, फीत तुटण्याआधी, एकदा वाजवून संगणकावर उतरवाव्यात. शिक्षकांना हे शाळेत करता येईल, विद्यार्थ्यांना सुटीत, कार्यकर्त्यांना १४ एप्रिलच्या तयारीत.

सिल्लोड तालुक्यातल्या आमच्या काही विद्यार्थ्यांनी अशी वही सुरू केली आहे. तिचे पहिले पान एका शेतमजूर बाईचे आहे. ती कोणत्याही चॅनेलवर नाही. तिने एकतारीवर तीन गाणी म्हटली. दोन वामनदादांची होती, हे शेवटच्या कडव्यांनीच सांगितले. तिसरे कोणाचे, असे मुलांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, माझ्या सासऱ्याचे. तेव्हा कवीच्या रकान्यात मुलांनी त्या सासऱ्याचे नाव लिहिले, गावासकट. छापील वाङ्मयाच्या कोणत्याही इतिहासात ते नाव नाही. आमच्या वहीत आहे.